मधलं नाव

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आठ वर्षं वहीला हात लावला नाही. चुकलंच. कोणाची माफी मागतोय, कागदाची? मागतो. शेवटची नोंद जुलै २०१७ ची. त्यानंतर जे घडलं ते खरं लिहायची हिंमत नव्हती, आणि खोटंच लिहायचं तर वही कशाला, म्हणून ट्रंकेत टाकली. आज काढली, कारण शाळेत गुरप्पा येऊन गेला.

मधल्या काळातलं थोडक्यात: साध्या मास्तरचा प्रभारी मुख्याध्यापक झालो. सोलापूर महापालिकेची शाळा, हद्दवाढ भागात. इथं दर जूनला माणसं वाढतात, खोल्या तेवढ्याच राहतात. चौथीच्या वर्गात एकसष्ट मुलं. वस्तीत नळाला पाणी पाच दिवसांनी.

गुरप्पा मंडप-डेकोरेशनवाला. वस्तीत वजन आहे. महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचंय. अडचण एकच — मुलं तीन. थोरली मुलगी, मधली भुवनेश्वरी, धाकटा श्रीशैल. तिसरं मूल २००१ नंतरचं असलं की उमेदवारी बाद, हा कायदा वस्तीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. थोरली आणि श्रीशैल इंग्रजी शाळेत. भुवनेश्वरी आमच्याकडे चौथीला.

अर्ज घेऊन आला होता. "शाळेत दाखल करतेवेळी शाळेच्या चुकीने वडील म्हणून काका गुरप्पा यांचे नाव लागले. प्रत्यक्षात वडील बिरप्पा. तरी दुरुस्ती व्हावी." बिरप्पा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. जन्माचा नवा कागदही जोडलाय. कुठून आणला ते विचारलं नाही.

शाळेची चूक म्हणजे माझी चूक. २०२२ ची ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. त्या दिवशी हाच गुरप्पा पोरीला मांडीवर घेऊन समोर बसला होता.

"सर, पोरगी कुटं जाणार हाय? एकाच घरात ऱ्हातो की आमी. निस्तं कागदावर हाय."

विचारलं, तिघांत हीच का?

"थोरलीचं नाव समद्या कागदांवर लागलंय. आन् श्रीशैल तर पोरगा हाय की सर." त्याच्या लेखी उत्तर पूर्ण झालं होतं.

जाताना दारात थांबला. "तुमचं बरं हाय. दोनावर आटपलं. शिकल्याल्या माणसाचं डोकंच येगळं."

मी टेबलावरचा तांब्या उचलून पाणी प्यायलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायचंच तर पूर्ण लिहू.

माझी मुलं तीन आहेत.

अथर्व, अद्वैत आणि इंद्रायणी. इंद्रायणी जेऊरला असते, माझ्या थोरल्या भावाकडे. सगळ्या कागदांवर ती चिंतामणीदादाची आणि शकुंतलावहिनीची मुलगी आहे. ती मला काका म्हणते.

२००९ ला नोकरी लागताना मी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली — दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर नोकरीला अपात्र. तेव्हा अथर्व वर्षाचा होता. सही मनापासून केली. लोकसंख्येवर मी कॉलेजात निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं.

२०१७ मध्ये माझ्या बायकोच्या, चेतनाच्या, दिवस गेल्याचं लक्षात आलं तेव्हा चौथा महिना संपत आला होता. मी म्हणालो, पाडून मोकळी हो. ती म्हणाली, नाही. आठ दिवस हेच चाललं. शेवटी दादाच म्हणाला, आम्हाला मूल नाही, आमच्या नावावर होऊ दे. चेतना पाच महिने जेऊरला राहिली. शाळेत मी सांगितलं, आई जेऊरला आजारी आहे, चेतना सेवेला गेलीय. दवाखान्यात तिनं वहिनीचं नाव सांगितलं. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं परत आली, दूध आटावं म्हणून तीन दिवस छातीवर घट्ट पदर बांधून निजली आणि चौथ्या दिवशी मशीनवर बसली. शाळेचे गणवेश शिवते ती, कारखान्यातून कापड येतं. सेवापुस्तकात मी कुटुंबाची माहिती भरली: अपत्ये दोन.

गुरप्पा नऊ वर्षांच्या पोरीचं नाव बदलायला निघालाय. मी तर जन्माआधीच बदललं. मग मला राग कशाचा येतोय?

पण येतोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज ड्रॉवरमध्ये. दोनदा काढून वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही — वकिलाचं काम दिसतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मेहनाज मॅडम चौथीच्या वर्गशिक्षिका. मधल्या सुट्टीत गणिताच्या चाचणीचा कागद आणून टेबलावर ठेवला. वीसपैकी एकोणीस. "नाव बघा सर, मार्क नक्को."

वर लिहिलं होतं: भुवनेश्वरी. मग बोटभर मोकळी जागा. मग आडनाव.

मॅडमनी तिला विचारलं होतं, विसरलीस का गं? तर म्हणाली, "न्हाय. घरी म्हणालेत आता बिरप्पा लिवायचं. आप्पा म्हणालेत, सरांनी लिवल्यावर. तवर काय लिवू?"

चार दिवसांत पोरीनं स्वतःसाठी तोडगा काढलाय. जागा सोडायची. तवर.

मॅडमना मी अर्जाचं सांगितलं. माझं नाही. एवढं सांगून थांबलो, हे इथं नोंदवून ठेवतो.

त्या म्हणाल्या, "क्या सर, किती मुलं हा प्रश्न तर मेरेकू विचारतेत लोकं. भावंडं किती तुमची? दोघंच म्हणलं की तोंड पडतंय त्यांचं. पोरं किती? एकच पोरगी म्हणलं की म्हणतेत, खरं सांगा. आता काय रेशनकार्ड गळ्यात घालू?" हसल्या. मग हसू थांबलं. "आणि या गुरप्पांना मतांसाठी पोरगी जास्त झाली. तुम्ही लिहिणार?"

मी म्हणालो, बघू.

"बघू" हा माझा शब्द आहे. २०१७ मध्येही हाच होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुख्याध्यापकांची बैठक. आमच्या शिक्षणाधिकारी साहेबांनी पाऊण तास लोकसंख्येवर बोलून घेतलं. पाणी पुरत नाही — लोकसंख्या. वर्गात बाकं नाहीत — लोकसंख्या. पोरं गणितात कच्ची — तेही लोकसंख्या. मी हात वर करून विचारलं, जुन्या शहरातल्या शाळेत अकरा मुलं आहेत आणि चार खोल्यांना कुलूप. आमच्याकडे एका खोलीत एकसष्ट. हे कशामुळं? साहेब म्हणाले, विषय सोडून बोलू नका.

नंतर सात रस्त्यावर चहा घेत उभा राहिलो. वाहनांच्या गर्दीत रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागली. खोटं कशाला लिहू, माणसं वाढलीत. पाणी खरंच पुरत नाही. वस्तीत एका नळावर बायका पहाटेपासून घागरी लावतात, पाण्याच्या दिवशी चौथीच्या निम्म्या मुली घरी राहतात. कामाला माणसं जास्त मिळतात म्हणून मजुरी वाढत नाही, हेही मी रोज बघतो. पंधरा-सोळा वर्षं मी फळ्यावर लिहीत आलोय: वाढत्या लोकसंख्येचे परिणाम. अन्न, पाणी, निवारा, बेरोजगारी. मुलं पाठ करतात, मी टिकमार्क करतो.

पण त्या एकसष्टांत जास्तीचं मूल कोणतं? बोट दाखवा म्हटलं तर साहेबही दाखवणार नाहीत. मात्र घराघरांत ते बोट दाखवलं जातं आणि कुठं जातं ते मला माहीत आहे. गुरप्पाच्या घरात मधल्या पोरीकडे. माझ्या घरात, अजून जगात न आलेल्या पोरीकडे. माणसं मोजायलाच हवीत. मोजल्याशिवाय खोल्या आणि नळ तरी कुणासाठी मागणार? पण मोजून झाल्यावर आकडा बसत नाही म्हणून एक पोर खोडायचं, ही कुठली रीत? मी नाही खोडणार. एकदा केलं. आता नाही.

हे लिहिताना बरं वाटतंय. म्हणूनच संशय येतो. दुसऱ्याच्या घरात ताठ उभं राहायला काय जातंय?

८ नोव्हेंबर, शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा. कुलूप लावताना भुवनेश्वरीची आई आली. डोक्यावरून पदर, हातात रिकामी पिशवी — बाजाराला म्हणून निघाली असणार. बसा म्हटलं तर बसली नाही.

"सर, तुमी न्हाय म्हणा."

मी विचारलं, तुम्ही घरी बोललात का?

"बोलले की. म्या न्हाय म्हणल्याला आमच्यात किंमत न्हाय. तुमची सही लागती, तुमच्या न्हायला किंमत हाय." मग जरा थांबून: "परवा पोरगी जेवायला जाऊबाईच्या चुलीकडं जाऊन बसली. इच्यारलं, हितं का गं? तर म्हणती, आता मी हितलीच की. तिला वाटतंय तसंच करायचं असतंय."

एवढं बोलून गेली. मी कुलूप लावलं.

रात्री चेतनाला सांगितलं, मी नकार देणार आहे. ती मशीनवर बाह्या जोडत होती. मशीन थांबलं नाही.

"दे की. चांगलं हाय."

मी म्हणालो, तुला बरं नाही वाटलं?

तेव्हा थांबलं. "दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढा कणा आला. माझ्या येळेला कुठं ठेवला होतास?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीनं एकटाच जेऊरला गेलो. चेतना म्हणाली, मला गणवेश द्यायचेत. दर वेळी तिला काहीतरी द्यायचं असतं. ती कधी आलीच की इंद्रायणी "काकू" म्हणून हाक मारते आणि ती "ओ" देते. मी एकदाच तिच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. पुन्हा धाडस झालं नाही.

इंद्रायणी ओट्यावर गृहपाठ करत होती. वहीवर पूर्ण नाव — इंद्रायणी चिंतामणी — एका दमात, न अडखळता. अक्षर माझ्यासारखं आहे. तेवढंच आहे माझं.

"काका, तुमच्या शाळेत किती मुलं?"

चौथीत एकसष्ट, म्हटलं.

"बाबौ. आमच्यात चौदाच. बाई म्हणतात एकाचं बी नाव चुकलं तर मला शिक्षा करा."

ती सुखात आहे. वहिनीच्या जिवाचा तुकडा आहे. दादा बाजारातून आला की आधी तिच्या हातावर केळं ठेवतो. मग मी ज्याला अन्याय म्हणतो तो नक्की कुणावर झालाय? परत येताना गाडीत हाच हिशेब घालत होतो. भुवनेश्वरीला कळतंय म्हणून तो अन्याय, आणि हिला कळत नाही म्हणून नाही? न कळणं हा काय पुरावा झाला?

१० नोव्हेंबर, सोमवार

दिला नकार.

गुरप्पा अकरा वाजता आला, सोबत बिरप्पा. बिरप्पा खुर्चीच्या कडेला टेकून बसला, जसा पालकसभेला बसतो. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडून समोर ठेवलं. म्हटलं, ही नोंद तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून केलीय, खाली तुमची सही आहे. यात चूक नाही.

"एक शबुद हाय सर. गुरप्पाचं बिरप्पा. तुमचा पेन झिजतो का?"

म्हटलं, एकच शब्द आहे तर श्रीशैलचा बदलू. आणा त्याचा दाखला.

गुरप्पाचा चेहरा उतरला. "पोराचं नाव काडू नका."

मग बिरप्पा पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "दादा, पोरगी मला काकाच म्हणती रं. कालबी म्हणली. मला बी कसंतरीच हुतंय."

"तू गप बस."

मी अर्जावर लाल शाईनं लिहिलं: मूळ नोंद बरोबर आहे, अर्ज अमान्य. सही, शिक्का. गुरप्पा उठला. "त्या अकरा पोरांच्या शाळेत घालवतो बघा तुमाला. बसा माश्या मारत."

"चालेल," मी म्हणालो. "तिथं बाकं तरी आहेत."

मेहनाज मॅडम दारात होत्या. त्या हसल्याचं मला ऐकू आलं, गुरप्पालाही आलं असावं. दिवसभर अंगात ताठा होता. साडेपाचला घरी आलो, चेतनाला सांगितलं. तिनं ताट वाढलं. लोणचं जरा जास्त वाढलं, एवढंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांचा फोन. "एवढं ताणायचं नसतं हो. आपलं काय जातंय?" म्हटलं, लेखी आदेश द्या. फोन ठेवला त्यांनी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुरप्पा पेढे घेऊन आला!

प्रभागाच्या आरक्षणाची सोडत निघाली. त्याला हवी ती जागा महिलांसाठी गेली. "घरचीला उबं करावं तर तिची बी तीनच. मग म्हणलं बिरप्पाच्या बायकोला करू. तिची दोनच हायत." खुर्ची ओढून बसला, जसं काही झालंच नव्हतं. "आता भुवी त्यांच्या नावावर गेली तर त्यांची तीन हुतेत की. तवा त्यो अर्ज फाडा सर. भुवी माझीच."

त्याच्या बोलण्यात लाज नव्हती आणि लबाडीही नव्हती. दोन घरांत आकडे बसवायचे होते, पोरगी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. म्हटलं, अर्ज फाडता येणार नाही, आवक नंबर पडलाय. नकारासकट फायलीत राहील.

"ऱ्हाऊ द्या की. पेढा घ्या."

दुपारी मेहनाज मॅडमनी भुवनेश्वरीला बोलावून सांगितलं, पहिलं होतं तेच लिहायचं. पोरगी म्हणाली, "नक्की का मॅडम? का परत बदलतंय?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला विचारू नये म्हणून मी रजिस्टरात डोकं घातलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तर माझ्या नकारानं काहीच झालं नाही. सोडत तशी निघाली नसती तर वरून आदेश आणून त्यानं करून घेतलंच असतं. मी मात्र दोन दिवस मान ताठ करून फिरलो. सगळा बाणा दुसऱ्याच्या जिवावर. माझ्या कपाटात माझं सेवापुस्तक आहे आणि त्यात माझ्या अक्षरात, सहीनिशी, खोटं आहे. गुरप्पाच्या अर्जावर लाल शाई वापरली. माझ्यावर कोण वापरणार?

संध्याकाळी चेतना म्हणाली, "आता?" एवढाच शब्द. कशाबद्दल ते दोघांनाही कळलं.

मी म्हणालो, नोकरी जाईल. चौकशी लागेल. वहिनी-दादांनाही विचारतील.

"व्हय. जाईल. माझं मशीन कुठं जाणार नाही." मग म्हणाली, "कायदा चूक का बरोबर ते तू ठरव, तू शिकलेला. मला एवढंच ठाऊक हाय, मी तीन वेळा बाळंत झाले. कुणी विचारलं तर दोन सांगते. आठ वर्षं झाली."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत बालदिन. मुलांना खाऊ वाटला, एकसष्टांना साठच पाकिटं आली, मेहनाज मॅडमनी दोन पाकिटं फोडून तीन केली.

घरी येऊन अर्ज लिहिला. "मला तीन अपत्ये आहेत. तिसरी मुलगी कु. इंद्रायणी. ही माहिती मी २०१७ पासून दडवली. प्रतिज्ञापत्राचा भंग झाला हे मला मान्य आहे. एखादे मूल जन्मले म्हणून कुणाला शिक्षा व्हावी हे मात्र मला मान्य नाही, आणि तेही नोंदवून ठेवावे. जो काही दोष तो माझा एकट्याचा."

चेतनानं वाचलं. "एकट्याचा खोड. नऊ महिने मी काढलेत." मी खोडलं. तिनं खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

१५ नोव्हेंबर, शनिवार. जेऊर

अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर दोघंही आलो. मुलं सोलापुरातच आहेत. या वेळी चेतनाला काही द्यायचं नव्हतं.

इंद्रायणी शेजारी खेळायला गेली तेव्हा दादा-वहिनींसमोर अर्ज ठेवला. दादानं चष्मा लावून दोनदा वाचला. "नोकरी घालवतोस? कशापायी? समदं बेस चाललंय की." त्याचा आवाज चढला. "पोरगी न्ह्याला आलाव का?"

चेतना म्हणाली, "नाही दादा. न्यायला नाही."

वहिनी भाकरी थापत राहिली. एक झाली, दुसरी झाली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "भावजी, खरं करायचं म्हणता, तर समदं खरं करा. जल्म चेतनानं दिला हे लिवा. वाडवलं शकुंतलानं, हे बी लिवा. आन् पोरगी ऱ्हाणार कुटं, ते माझ्या तोंडाकडं बगून ठरवू नका, आन् तुमच्या बी न्हाय."

मी ती दोन्ही वाक्यं अर्जात घातली. दादा उठून बाहेर जाऊन आला. मग खाली सही केली. वहिनीनं पिठाचा हात पुसला आणि तिनंही केली. अर्ज मांडणीत डब्यामागे ठेवला, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून. चौघं मोठी माणसं, आणि एका कागदाला लपवायची घाई.

१६ नोव्हेंबर, रविवार. जेऊर

अर्ज पुन्हा वाचला. चार सह्या आहेत. जिच्याबद्दल आहे ती अंगणात लगोरी रचतेय, आणि तिला यातलं काहीच माहीत नाही. साहेबांना आधी कळणार होतं, तिला नंतर. की कधीच नाही?

उद्याची रजा कळवली. कार्यालय मंगळवारी.

उद्या: इंद्रायणीला सांगणे.